उपभोक्ता, ग्राहक, वापरकर्ता की नुसतं गिऱ्हाईक?

कृष्णाकाठ:
मंडळी, एक अडचण आलीय. सांगलीत आम्ही विश्रामबागेतले सातआठ जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये चादर टांगून सिनेमा बघतो, नंतर भडंग आणि भांडण. यंदा तीन सायफाय घेतलेत, मायनॉरिटी रिपोर्ट (२००२), वॉल-ई (२००८) आणि हर (२०१३). दोन पानी पत्रक लिहायचं काम माझ्या गळ्यात. मला तिन्हींत एकच दिसतंय, माणसाला वाटतं आपण वस्तू घेतली आणि खरं तर वस्तूनं त्याला घेतलेलं असतं. हे लिहिताना मी ‘उपभोक्ता’ लिहिलं. आमच्यातल्या एका रिटायर मास्तरांनी त्याला लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं ‘हिंदी!’. आता उपभोग शब्द मी लहानपणापासून ऐकतोय, तो भोगणारा लगेच हिंदी कसा झाला? आणि हिंदी असेल तर कंझ्युमर आणि युजर दोन्हीला मिळून मराठीत काय म्हणायचं? गुरुवारी छापायला द्यायचंय.

ऱ्हस्वदीर्घ:
मास्तर बरोबर, लाल गोल जरा जास्त. उपभोक्ता संस्कृत आहे, त्यामुळे दोन्हीकडे चालतो, पण आपल्याकडे रुळला तो ग्राहक. १९८६ चा कायदा घ्या, हिंदीत ‘उपभोक्ता संरक्षण’, मराठीत ‘ग्राहक संरक्षण’. ग्राहक पंचायत, ग्राहक मंच, सगळीकडे ग्राहकच. विषय संपला.

हळदीचं पोतं:
विषय कुठं संपतोय. ग्राहक कागदावर असतो ओ, मार्केट यार्डात गिऱ्हाईक असतं. आणि एक बघा, ग्राहक आला म्हणतो पण गिऱ्हाईक आलं म्हणतो. माणूस धडधाकट मिशीवाला पण दुकानाची पायरी चढला की नपुंसकलिंगी. परत गिऱ्हाईक फिरतं असतं, बांधलेलं असतं, उधारीचं असतं, फुटतं, शेजारचा फोडतो. तुमच्या ग्राहकाला यातलं काय होतंय का सांगा.

मिरज जंक्शन:
भावा हे भारी आहे. मायनॉरिटी रिपोर्टमध्ये हेच आहे की. मॉलमधून चालताना डोळ्याची बुबुळं स्कॅन होतात आणि जाहिराती नाव घेऊन हाका मारतात. हिरो पोलिसांपासून लपायला डोळे बदलून घेतो, दुसऱ्याचे बसवतो, आणि कपड्याच्या दुकानात शिरतो तर पडद्यावरची बाई म्हणते या मिस्टर याकामोटो, मागच्या वेळी नेलेले टँक टॉप कसे वाटले. समोर टॉम क्रूझ उभा आहे आणि दुकानाला फक्त खातं दिसतंय. हे ‘ते गिऱ्हाईक आलं’च झालं ना.

कंदी पेढा:
मी साताऱ्याची, सध्या पुण्यात अ‍ॅपच्या मेन्यूंचं मराठी करायचं काम करते, त्यामुळे हा दगड रोज पायाला लागतो. आमच्याकडे युजरला ‘वापरकर्ता’ ठरलेलं आहे. वापरकर्तानाव वगैरे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल आणि डोळ्याआड केलं असेल. त्रास असा की वापरकर्ता पुल्लिंगी. माझ्या आईच्या फोनवर येतं ‘नवीन वापरकर्ता जोडला गेला’, ती विचारते कोण गं हा? वापरकर्ती केलं तर वरचे म्हणतात बटणात मावत नाही. शिवाय कंझ्युमर आणि युजर एक नाहीत. फोन माझे वडील घेतात, वापरते आई, आणि आईचं काय काय बघून ठेवतात ते तिसऱ्यालाच विकलं जातं. यात ग्राहक कोण? माझ्या मते तो तिसरा. आई म्हणजे माल.

ऱ्हस्वदीर्घ:
लिंगाचा प्रश्न असेल तर ‘वापरदार’ करा, जमीनदार भाडेदारासारखं. पण ‘दार’ फारसी, म्हणून मीच करणार नाही. रघुनाथपंतांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश रचला तो शिवाजी महाराजांनी सांगितलं म्हणून, सोय बघून नव्हे.

हळदीचं पोतं:
आणि त्या कोशातले किती शब्द तुम्ही आज सकाळपासून बोलला? शिपाई, दुकान, कागद, हिशेब सगळं फारसीच राहिलं की.

ऱ्हस्वदीर्घ:
सगळे मेले नाहीत. आणि नवीन घडवलेले टिकतातही. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावानं कथा पाठवली तिचं नावच ‘कृष्णविवर’. आज शाळेतलं पोरगं तो शब्द बोलतं. संगणक टिकला. चित्रपट टिकला.

मिरज जंक्शन:
कृष्णविवर आकाशात आहे म्हणून टिकलं ओ, दुकानात जाऊन कोण मागत नाही. जी वस्तू काउंटरवर मिळते ती स्वतःचं नाव घेऊनच येते. फ्रिज, मिक्सर, मोबाईल. भ्रमणध्वनी फक्त लग्नपत्रिकेवर आणि लेटरहेडवर जिवंत आहे.

कंदी पेढा:
संगणक काउंटरवरच मिळतो.

मिरज जंक्शन:
मागताना काय म्हणता?

कंदी पेढा:
लॅपटॉप. बरं. हरले.

निवृत्त तलाठी:
मी एक सुचवू का, हसू नका. तुमच्या फोनवाल्याला शब्द आमच्या सातबाऱ्यावर तयार आहे. भोगवटादार वर्ग २. वर्ग १ म्हणजे जमीन त्याची, विको नाहीतर ठेवो. वर्ग २ म्हणजे ताबा त्याचा, कसतो तोच, नाव पण लागलंय, पण विकायची म्हटली की परवानगी काढा. माझ्या नातवानं गेमात काय काय ‘विकत’ घेतलं होतं, ते खातं बंद झाल्यावर सगळं गेलं. पोरगं रडत होतं, माझं होतं माझं होतं म्हणून. मी म्हटलं बाळा तुझा फक्त भोगवटा होता.

कृष्णाकाठ:
तलाठीबुवा हे छापू का?? यात माझा ‘उपभोक्ता’ पण सुटतो, भोग तोच आहे की. आणि आपल्यात भोग म्हणजे मजा पण आणि भोग म्हणजे कपाळी आलेलं पण. ‘काय भोग आहेत बाई’ असं आज्जी म्हणायची तेव्हा ती काय सुखात नसायची. वॉल-ईतली माणसं तशीच आहेत. अंतराळजहाजावर तरंगत्या खुर्चीत पडलेली, तोंडासमोर पडदा, जेवण कपातून स्ट्रॉनं. घोषणा होते की आता निळा हाच नवा लाल, आणि सगळ्यांचे कपडे एका बटणात लालाचे निळे. ते भोगतायत असंच म्हणावं लागतं, दोन्ही अर्थानं.

ऱ्हस्वदीर्घ:
भोगवटा महसुली शब्द आहे. तो सिनेमावरच्या पत्रकात म्हणजे देवळात फावडं.

निवृत्त तलाठी:
देऊळ बांधायला फावडंच लागतं.

मेणवलीकर:
उशिरा आले. वाईत विश्वकोशाचं कार्यालय आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे या असल्या वादांची सवय आहे. माझं म्हणणं वेगळंच आहे. तुम्ही वापरणाऱ्याला शब्द शोधताय, आणि जो वापरला जातोय त्याला शब्द चुकीचा पडलाय तिकडे कुणाचं लक्ष नाही. रोबोटला आपण यंत्रमानव म्हणतो. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातून तो शब्द जगभर गेला, सुचवला त्याच्या चित्रकार भावानं, योसेफनं. चेकमध्ये रोबोटा म्हणजे जमीनदारासाठी सक्तीनं करायचं काम. म्हणजे आपली वेठ! आणि त्या नाटकातले रोबोट लोखंडाचे नाहीतच, कृत्रिम मांसामातीचे आहेत, शेवटी बंड करतात. म्हणजे यंत्रमानवात यंत्रही चूक आणि वेठ तर गायबच. ‘वेठ्या’ म्हटलं असतं तर सिनेमा बघायच्या आधीच गोष्ट कळली असती.

हळदीचं पोतं:
वेठ्या!! आमचे आजोबा हा शब्द शिवीसारखा वापरायचे. ‘वेठ्यागत काम करतोय’ म्हणजे अंग चोरून, वेळ काढत.

मेणवलीकर:
बरोबर, कारण वेठीला धरलेला माणूस अंग चोरणारच. दुसरं काय त्याच्या हातात असतं? भाषेनं मालकाची बाजू घेतली आणि आपण ती शिवी म्हणून चालवली.

मिरज जंक्शन:
ब्लेड रनर बघा मग काकू, १९८२ चा. त्यातले रेप्लिकंट म्हणजे निव्वळ वेठ्ये, परग्रहावर राबायला केलेले आणि आयुष्य चारच वर्षांचं घालून दिलेलं. गंमत म्हणजे तो सिनेमा घडतो नोव्हेंबर २०१९ मध्ये. गाड्या उडतायत पण हिरोला पोरीला फोन करायचा तर बूथमध्ये जातो, समोर तिचा चेहरा दिसतो, आणि बिल सव्वा डॉलर. आपल्या पिवळ्या एसटीडी बूथसारखं. मोबाईल कुणाच्या डोक्यातच आला नाही. सारखा पाऊस मात्र दाखवलाय.

कृष्णाकाठ:
पाऊस तेवढा बरोबर ओळखला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आम्ही गच्चीवर बसून टॉर्चच्या उजेडात फोनची बॅटरी वाचवत होतो. त्या चार दिवसांत फोन म्हणजे काय ते कळलं, कुणी त्याला गॅजेट म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. असो. पण मंडळी माझा शब्द?

कंदी पेढा:
वापरकर्ताच ठेवा. निदान ‘वापर’ तरी आपला आहे. माझा अंदाज, वापर म्हणजे ‘व्यापार’च झिजून झालेला. म्हणजे वापरकर्ता म्हटला की व्यापार त्यात आलाच.

ऱ्हस्वदीर्घ:
अंदाजावर व्युत्पत्ती करायची नसते. उद्या भवानी झाली म्हणून गिऱ्हाईक देवी म्हणाल.

हळदीचं पोतं:
सकाळचं पहिलं गिऱ्हाईक देवीच असतं, दुकानात बसून बघा कधी. भवानी झाल्याशिवाय आम्ही उधारी देत नाही. ही अ‍ॅपवाली पहिला महिना फुकट देतात तेव्हाच मला संशय येतो. भवानीच फुकट करणारा दुकानदार तुमच्याकडनं काहीतरी वेगळं नेणार.

मिरज जंक्शन:
हर मध्ये तेच. एकटा माणूस, दुसऱ्यांची प्रेमपत्रं लिहून पोट भरतो, नवी ऑपरेटिंग सिस्टिम आणतो आणि तिच्या प्रेमात पडतो. शेवटी विचारतो, आत्ता माझ्याशी बोलतेस तेव्हा आणखी कितीजणांशी बोलतेस? ८,३१६. आणि प्रेम कितीजणांवर? ६४१.

हळदीचं पोतं:
८,३१६ गिऱ्हाईकं आणि प्रत्येकाला वाटतंय शेट फक्त मलाच चहा मागवतोय. मर्दा ही बाई यार्डात पाहिजे होती.

मेणवलीकर:
ती दुकानदार कुठे आहे? तीही विकायलाच ठेवलेली होती. उलट ती एकटीच अशी की वेठ सोडून निघून जाते. तुम्ही सगळे गिऱ्हाईकाचंच बघताय.

कृष्णाकाठ:
पत्रक आलं छापून. शेवटी शीर्षक ठेवलं ‘आपण सगळी गिऱ्हाईकं’, आणि आत भोगवटादार एकदा, वापरकर्ता दोनदा, उपभोक्ता शून्य. पण छापणाऱ्यानं टाइप केलंय ‘गिर्हाईक’. ह च्या डोक्यावर रफार. मी म्हटलं हे गिर-हाईक झालं, तो म्हणतो कीबोर्डवर असंच येतं, मशीनच तसं करतंय.

ऱ्हस्वदीर्घ:
मशीन नाही, तो करतोय. साध्या र ला हलन्त दिला की रफारच होणार. नुक्त्याचा ऱ घ्यावा लागतो. माझं नाव टाइप करायला मी तेच शिकलो, पहिले दोन महिने मी ‘र्हस्व’ म्हणून फिरत होतो.

कंदी पेढा:
कऱ्हाडवाल्यांना विचारा. नाव टाइप करता येईना म्हणून कराड झालं.

निवृत्त तलाठी:
चूक. आमच्या दप्तरात टाइप यायच्या कितीतरी आधीपासून कराडच आहे.

मेणवलीकर:
मूळ करहाटक, म्हणजे ह होताच. कऱ्हाडच बरोबर.

निवृत्त तलाठी:
एसटीच्या पाटीवर काय आहे ते बघा.

ऱ्हस्वदीर्घ:
एसटीची पाटी हा पुरावा नव्हे.

हळदीचं पोतं:
आमच्या पावतीपुस्तकावर तीस वर्षं ‘गिराईक’ छापलंय. एकानंबी परत आणून दिलं नाही.