माळरानावर झाडं लावणं थांबवा, लांडगा वाचेल (चर्चा)

कुसळी:
जुलै लागला की आमच्या तालुक्यात खड्ड्यांचा हंगाम सुरू होतो. रस्त्यावरचे नव्हेत, ते बारमाही आहेत, माळावरचे म्हणतेय. जेसीबी येतो, मुरूम उकरून सलग समतल चर काढतो, चराच्या कडेने गिरिपुष्पाची रोपं लागतात आणि फोटोपुरती मंडळी झारी धरून उभी राहतात. त्याच माळावर मे महिन्यात जाऊन बघा. चरात वाळलेली काडी असते आणि तिच्या बुडाशी न फाडलेली काळी पिशवी. पवन्या आणि मारवेल ही माळाची गवतं उखडली ती उखडलीच, त्या जागी गाजरगवत माजलेलं असतं.

पुणे, सोलापूर, नगरचा पाच-सहाशे मिलिमीटर पावसाचा माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल आहे, असं धरून हे सगळं चाललंय. 2019 मध्ये तर राज्याचं लक्ष्य 33 कोटी झाडांचं होतं. प्रत्यक्षात माळ ही स्वतंत्र परिसंस्था आहे. लांडगा, खोकड, तरस, चिंकारा, काळवीट, धाविक, चंडोल हे सगळे उघड्यावरचे जीव. दाट झाडी झाली की ते निघून जातात.

आकडा बघा. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशातले लांडगे साधारण 3,100 च्या घरात निघाले, महाराष्ट्रात चारशेच्या आसपास. वाघाचा 2022 चा अंदाज 3,682. म्हणजे लांडगा वाघापेक्षाही कमी, आणि भारतीय लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या वंशशाखांपैकी एक. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो वाघाच्याच पंक्तीला, सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूची 1 मध्ये. पण वाघाला व्याघ्र प्रकल्प आहेत. लांडग्याच्या एका टोळीला शे-दोनशे चौरस किलोमीटर वावर लागतो, आणि आपलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे 5.14 चौरस किलोमीटरचं, रेहेकुरी 2.17 चं! त्याचं खरं घर अभयारण्याबाहेरच्या माळावर आहे, आणि तिथेच आपण खड्डे खणतोय.

माझं मत सरळ आहे: कमी पावसाच्या माळरानांवरचं वृक्षारोपण बंद करा.

सातबारा:
ताई, मी पुरंदरचा शेतकरी. माळ बघायला येत नाही, माळाला लागून माझं रान आहे. आमच्या वरच्या माळावर चर काढले, त्यानंतर खालच्या विहिरींना मार्चपर्यंत पाणी टिकायला लागलं. आधी जानेवारीत टँकरसाठी अर्ज जायचा. तुमच्या पवन्याने विहीर भरत नाही.

दुसरं, माळ झाडांनी संपत नाही, प्लॉटिंगने संपतो. सासवड-जेजुरी रस्त्याने एक चक्कर मारा. तारेचं कुंपण, मुरमाचा रस्ता, स्वागत कमान, “एनए प्लॉट, सुलभ हप्ते”. त्या कमानीखालून लांडगा जाणार आहे का? उलट वनखात्याची झाडं लागली म्हणून ती जमीन तरी कुणाच्या घशात गेली नाही. तिसरं, झाडं थांबवली की लांडगा वाचेल हे कुठल्या हिशोबाने? लांडग्याला झाड चावत नाही.

चंडोल:
@सातबारा, चर आणि झाडं या दोन गोष्टी तुम्ही एकात मोजताय. पाणी अडलं ते चराने. चांगलं रुजलेलं गवतही पाणी धरतं, मातीही धरतं. शिवाय ज्या झाडाला शेळी तोंड लावत नाही, ते गिरिपुष्प मेक्सिको-मध्य अमेरिकेतून आलेलं. उंदीर मारायला वापरतात म्हणून त्याला उंदीरमारी म्हणतात. माळावर त्याचं काय काम?

“माळ म्हणजे तुटलेलं जंगल” हा समज तर केव्हाच मोडीत निघाला पाहिजे. जुन्या मराठी वाङ्मयात आणि लोकपरंपरेत आलेले झाडाझुडपांचे उल्लेख गोळा करून केलेला एक अभ्यास 2025 मध्ये आला. त्यातल्या बऱ्याच वनस्पती उघड्या, काटेरी माळाच्या निघाल्या. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचा माळ निदान साडेसातशे वर्षं तरी माळच आहे. इंग्रजांनी जंगल तोडून तो केलेला नाही.

सातबारा:
साडेसातशे वर्षांपूर्वी गावाला ऊस नव्हता आणि विहिरीवर मोटर नव्हती. आजचं बोला.

गावठाण:
इथे सगळे लांडग्याच्या प्रेमात दिसतात म्हणून आठवण करून देतो. उत्तर प्रदेशात बहराइचला 2024 मध्ये लांडग्यांनी लहान मुलं उचलली. ड्रोन, पिंजरे, नेमबाज सगळं आणलं तरी महिने गेले. त्याच राज्यात 1996 मध्ये प्रतापगड, जौनपूर, सुलतानपूर भागातही हेच घडलं होतं. अंगणात झोपलेलं पोर जेव्हा जातं तेव्हा परिसंस्था वगैरे कुणी ऐकून घेत नाही. अशा जनावराची संख्या वाढवायची मागणी शहाणपणाची आहे का?

कुसळी:
बहराइचचं दुःख खोटं नाही, पण तो घाघरेचा पूरपट्टा आहे. दाराविना घरं, उसाची रानं, जंगली भक्ष्य नावाला. आपल्याकडे माणसं आणि लांडगे पिढ्यान्‌पिढ्या एकाच माळावर आहेत. धोका पिसाळलेल्या लांडग्याचा असतो, आणि तो रेबीज त्याच्यापर्यंत आणतो कोण, तर गावकुत्री.

सातबारा:
झालं! म्हणजे तुमच्याच तोंडून आलं. लांडग्याचा शत्रू झाड नाही, कुत्रं आहे. आमच्या भागात पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या माळावर नेऊन टाकतात. संध्याकाळी त्या ढिगावर कुत्री तुटून पडतात, अंधार पडला की त्याच ढिगावर लांडगे. कुत्र्यांचे रोग त्यांना लागणार नाहीत तर काय? आणि पुण्याजवळ कुत्रा-लांडगा संकर झालेलं जनावर सापडलं, जनुकीय तपासणीत ते पक्कं झालं, हे मी वाचलंय. मग धागा “कोंबड्या उघड्यावर टाकणं बंद करा” असा काढा की. ते तुम्हाला जमणार नाही, कारण त्यात फोटोजेनिक काही नाही.

कुसळी:
कुत्र्यांचा मुद्दा मान्य, आणि तो महत्त्वाचा आहे. पण कुत्री माळात खोल शिरतात ती रस्ते आणि वस्ती शिरल्यावरच. चरासाठी जेसीबीला रस्ता होतो, रस्त्यामागून पाण्याचा टँकर, टँकरमागून शेड. एकदा माळ फुटला की सगळंच आत येतं. आणि वनखात्याची जमीन विकायला निघत नाही, त्यासाठी झाडांच्या पहाऱ्याची गरज नाही. खरी जाते ती गायरानं. सध्या सौर प्रकल्पांसाठी गायरानं दिली जातायत, ती कागदोपत्री “पडीक” आहेत म्हणून. त्यावर तुम्ही-मी एका बाजूला असायला हरकत नाही.

प्रश्नमंजूषा:
थोडं अवांतर. अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे परत आणले आणि नद्यांनी पात्र बदललं, हे खरं ना? शाळेच्या सामान्यज्ञान स्पर्धेत आम्ही हा प्रश्न दरवर्षी टाकतो. इथेही लांडगा वाढला तर माळ आपोआप सुधारेल, असा युक्तिवाद करता येईल.

चंडोल:
नका टाकू. तिथले शेवटचे लांडगे 1926 मध्ये मारले गेले, 1995-96 मध्ये कॅनडातून 31 आणून सोडले, एवढं पक्कं. एल्क हरणं कमी झाली, काही ठिकाणी विलोची झुडपं वाढली, हेही खरं. पण लांडगे नसलेल्या सत्तर वर्षांत ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर हे प्राणी गेले, त्यांचे बांध गेले, ओढे खोल गेले, पाण्याची पातळी उतरली. नुसता लांडगा परत आणून ते भरून आलं नाही, असं नंतरच्या दीर्घ अभ्यासांत दिसलं. त्यावरचा व्हिडिओ छान होता, म्हणून गोष्ट जगभर पोचली.

तुमच्या स्पर्धेत “टोळीचा अल्फा नर”, म्हणजे दांडगाईने टोळीवर हुकमत गाजवणारा नर, असाही प्रश्न असेल तर तोही काढा. ती कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवरून आली होती. रानातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. डेव्हिड मीच (Mech) या ज्या शास्त्रज्ञाच्या पुस्तकामुळे ती पसरली, त्यांनीच पुढे ती सोडून द्यायला सांगितली. एलआयसी एजंटांच्या मेळाव्यात मात्र अल्फा अजून जिवंत आहे.

मेंढपाळाचा पोरगा:
वरचं सगळं वाचलं. झाडवाले बोलले, गवतवाले बोलले, अमेरिकेचे बीव्हरसुद्धा येऊन गेले. माळावर ज्याची चूल पेटते त्याचं कुणी विचारलं नाही म्हणून लिहितोय.

लांडगा मेंढरू कसं नेतो ते बघितलंय का? दिवस मावळायला वाडा, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारं आमचं बिऱ्हाड, मुक्कामाला पोचतो. घोड्यांवरची ओझी उतरायची, चूल मांडायची, वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) ताणायची, सगळं एकाच वेळी. आई जाळीच्या खुंट्या ठोकत असते, बाप लंगडं मेंढरू मागून आणत असतो. तेवढ्यात एक लांडगा समोरच्या अंगाने उघड उघड चालत जातो, कुत्री त्याच्यामागे पळतात. दुसरा पाठीमागून येतो आणि कोकराची मान धरून पार होतो. आवाजसुद्धा होत नाही. कोकराची आई मात्र रात्रभर ओरडते.

आता भरपाई. नियम आहे, यादीत लांडगाही आहे. 48 तासांत वनखात्याला कळवायचं, मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, पंचनामा होईपर्यंत थांबायचं. पण लांडग्याने कोकरू उचलूनच नेलं तर हलवायचं काय आणि दाखवायचं काय? आणि आम्ही थांबायचं कसं? आज या शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा शब्द दिलेला असतो, उद्या पुढच्या. मुक्काम एका तालुक्यात, बँकेचं पासबुक दुसऱ्या जिल्ह्यातलं. माझ्या बापाने आयुष्यात एकदाही भरपाई मागितली नाही. आमच्यातले म्हातारे म्हणायचे, त्याचा वाटा तो नेतो, बिरोबा आपला वाटा वाढवतो. ते त्यांच्या तोंडी शोभायचं. माझ्या तोंडी नाही, कारण आता कोकराला बाजारात चांगला पैसा येतो.

@कुसळीताई, झाडं लागली की वनखातं चराईबंदी करतं. पाच-सात वर्षं आत पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर दंड. म्हणून वृक्षारोपणाला माझाही विरोध. पण तुमचं गवत राखलं की तरी आम्हाला आत घेणार आहात का? पुणे जिल्ह्यातल्या कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळावर सफारी सुरू झाली, जीपमध्ये कॅमेरेवाले बसतात. उद्या मेंढरं फोटोत येतात म्हणून आम्हालाच हाकलायचे.

डेन्व्हरची मावशी:
मेंढपाळदादा, तुम्ही जे लिहिलंय तेच इथे कोलोरॅडोत घडलं. 2020 मध्ये लांडगे परत आणावेत का यावर मतदान झालं. जेमतेम एक्कावन्न टक्क्यांनी ठराव पास झाला. हो म्हणणारे बहुतेक आम्ही डेन्व्हरच्या बाजूचे शहरी, आणि लांडगे सोडले ते डोंगरापलीकडच्या गुराख्यांच्या दारात. डिसेंबर 2023 मध्ये ओरेगॉनहून दहा आणले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वासरं-मेंढ्या जायला लागल्या आणि लांडग्यांचं एक अख्खं कुटुंब पुन्हा पकडावं लागलं. इथे एका जनावरामागे 15,000 डॉलरपर्यंत भरपाई आहे, तरी राग शमलेला नाही. मी हो म्हटलं होतं, आजही म्हणेन. पण ज्याच्या दारात लांडगा येणार त्याला आधी विचारायला हवं होतं.

गावठाण:
मावशी, तुमच्याकडे निदान मतदान तरी झालं. आमच्या ग्रामसभेला कोरम भरत नाही.

कुसळी:
@मेंढपाळाचा पोरगा, तुमच्या प्रश्नाला टोलवाटोलवी न करता उत्तर देते. मेंढरं माळावर हवीत. अजिबात चराई नसेल तर गवत जून होतं, काटेरी झुडपं वाढतात. आणि जंगली भक्ष्य इतकं कमी झालंय की मेंढरं नसतील तर लांडगाही उपाशी मरेल, हे लपवण्यात अर्थ नाही. पट्टे पाडून फेरपालटीने चराई ठेवावी. हिवाळ्यात पिल्लं बिळात असतात, तेवढे महिने बिळाच्या आसपासचा भाग मोकळा ठेवावा, आणि तोही सगळ्यांसाठी. आधी कॅमेरेवाल्यांसाठी, कारण बिळाच्या तोंडाशी जीप उभी करणारे तेच. पंचनाम्याला मेलेलं जनावर सापडलं नाही तर ठसे, रक्त, शेजारच्या शेतकऱ्याची साक्ष चालली पाहिजे, आणि अर्ज कुठल्याही तालुक्यात घेतला गेला पाहिजे. हे नसेल तर गवत वाचवणं म्हणजे तुमच्या जिवावर माझी हौस, हे मला कळतं.

मेंढपाळाचा पोरगा:
ताई, बोलणं पटलं. पण गार्ड तुमचं ऐकत नाही, तो पावती फाडतो.

सातबारा:
तेच म्हणतो मी. फेरपालट, साक्ष, कुठल्याही तालुक्यात अर्ज, हे वनखात्याकडून लेखी आणा. गायरान सौरवाल्याला देणार नाही हेही लेखी. पावसाळ्याआधी ग्रामसभा आहे, माळाचा विषय त्यात निघणार. कागद आला तर वाचून दाखवीन. नाही आला तर माझा हात झाडांच्या बाजूने वर जाईल. गिरिपुष्प नको, हे तेवढं मी आत्ताच सांगून ठेवलंय. शेळीवाल्या बायकांनी सरपंचाला आधीच फैलावर घेतलंय.