डाव अडला की निकाल कुणाचा? (अनुभव धागा)

गेल्या रविवारी आमच्या टेबलावर एका फायरबॉलपायी (आगीच्या गोळ्याचा मंत्र) पन्नास मिनिटं गेली. डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर गोष्ट रचत खेळायचा खेळ), त्यातला एक राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, सहा सेकंदांचा. त्या सहा सेकंदांसाठी पन्नास मिनिटं, आणि तोवर खालून आलेलं भरीत गार, कळण्याच्या भाकरी वाळून कडक.

झालं असं. आम्ही जळगावचे सहा जण, डीएम (खेळ चालवणारा, पंच) मी. पार्टी, म्हणजे खेळाडूंची टोळी, एका बोळात, दहा फूट रुंद, दहा फूट उंच. दुसऱ्या टोकाला गॉब्लिन. आमच्या विझार्डने (जादूगाराने) फायरबॉल टाकला. आत्ताच्या नियमाप्रमाणे तो वीस फूट त्रिज्येचा गोळा, वीस फुटांपुढे सरकत नाही. सहा पैलूंचे आठ फासे, सरासरी 28 डॅमेज (इजा), विषय संपला. पण आमच्यातल्या एकाने (सिव्हिल इंजिनिअर आहे, हे लक्षात असू द्या) जुन्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीतला नियम कुठेतरी वाचलेला. तेव्हा आग जागा मिळेल तशी पसरायची, एकूण साधारण 33,000 घनफूट. त्याने भाकरीखालच्या कागदावरच गणित मांडलं: शंभर चौरस फुटांच्या बोळात ही आग 330 फूट जाते. "म्हणजे आपण सगळे भाजलो ना भो!" स्वतःच्याच पार्टीला जाळायला निघालेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

शेवटी निकाल मी दिला, पुस्तकाप्रमाणेच दिला, पण ओरडून दिला. त्याचं आठवडाभर वाईट वाटतंय. म्हणून हा धागा.

तुमच्या टेबलावर असं अडलं की काय करता? पुस्तक कोण उघडतं, किती वेळ, आणि रुसवा किती दिवस टिकतो? नुसता सल्ला नको, घडलेलं लिहा. डी अँड डी, पाथफाइंडर (तसलाच दुसरा खेळ), स्वतः रचलेला खेळ, काहीही चालेल. खान्देशातले आणि खान्देशातून बाहेर गेलेले, सगळ्यांनी लिहा.

भुसावळहून

आमचे वडील रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या तोंडी कायम एकच, आधी लाइन मोकळी करा, चौकशी मागून. मी डीएम झालो तेव्हा हेच उचललं. प्रश्न आला की मोबाइलवर दोन मिनिटं लावतो. तेवढ्यात नियम सापडला तर सापडला, नाहीतर मी सांगेन ते त्या दिवसापुरतं. वहीत तारीख घालून लिहून ठेवतो आणि घरी जाऊन शोधतो.

याचा फटकाही बसलाय. आमच्या रोगने (खेळातला चोर) स्वतःच्या टर्नला (पाळीला) स्नीक अटॅक, म्हणजे जादा फाशांचा वार, मारला. मग ओगर पळायला निघाला तेव्हा अपॉर्च्युनिटी अटॅक (पळणाऱ्यावर मिळणारा वार) मिळाला, त्यावरही स्नीक अटॅकचे फासे मागितले. मी म्हणालो, राउंडला एकदाच. तो म्हणाला, नाही, टर्नला एकदा, आणि आत्ता टर्न ओगरचा आहे. दोन मिनिटं संपली, पान सापडेना. मी नाही म्हटलं. ओगर निसटला आणि पुढच्या गावात जाऊन त्याने लोहाराला मारलं.

घरी आल्यावर पाहिलं तर पोरगा बरोबर. नियमात "टर्न" असाच शब्द आहे. पुढच्या सेशनला बसल्या बसल्या सगळ्यांसमोर कबूल केलं, त्याला एक इन्स्पिरेशन (पुढे फाशाला वापरायचं बक्षीस) दिलं. लोहार मात्र मेलेलाच राहिला. मागे जाऊन गोष्ट दुरुस्त करायची नाही, एवढं मी पाळतो. तो पोरगा अजून लोहाराच्या बायकोला दर सेशनला सोन्याची नाणी पाठवतो. माझ्या चुकीची भरपाई तो करतोय!

धुळ्याहून

आमच्याकडे दोघंही बरोबर होते, तरी भांडण. माझ्याकडे 2014 चं पुस्तक, डीएमकडे 2024 चं. माझ्या पुस्तकात औषधाची बाटली प्यायला पूर्ण ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) लागते, त्याच्यात बोनस ॲक्शन (वरची छोटी कृती). काउंटरस्पेल म्हणजे दुसऱ्याचा स्पेल (मंत्र) अडवणारा मंत्र, त्याचंही तसंच, जुन्यात मोठ्या स्पेलला अडवणारा फासा टाकतो, नव्यात ज्याचा स्पेल अडवायचा त्याने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (तब्येतीवरचा बचावाचा फासा) द्यायचा. तीन सेशन आम्ही एकमेकांना खोटं ठरवत होतो आणि कुणीही मुखपृष्ठ पाहिलं नाही. आता नव्या माणसाला पहिला प्रश्न: पुस्तक कोणतं?

एवढंच. बाकी आमच्याकडे शेवभाजी तिखट असते, भांडायला तोंड मोकळं राहत नाही.

शहाद्याहून

थोडं लांब लिहितो, किस्सा तसाच आहे.

आमच्या टेबलावर एक गडी आहे, त्याच्या घरचे दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे घेऊन जातात. तापीच्या काठी तंबू टाकून राहणारी माणसं. हा पोरगा दात बघून घोड्याचं वय सांगतो. याला आम्ही पॅलाडिन (शूर योद्धा) दिला, घोड्यासकट.

दरोडेखोर घोड्यांवरून पळत होते, आठशे-नऊशे फूट पुढे. डीएमने पुस्तक उघडलं: स्वारीच्या घोड्याचा वेग राउंडला साठ फूट, डॅश केला (नुसतं पळवलं) तर एकशे वीस. त्यांचे घोडेही तेवढेच पळणार, म्हणजे अंतर कमी होणारच नाही. आमच्या गड्याने मोबाइलवर हिशेब केला. सहा सेकंदांत एकशे वीस फूट म्हणजे ताशी बावीस किलोमीटर. तो उठून उभाच राहिला. "बावीस? आमची लग्नातली घोडी नवरदेवाला घेऊन याच्यापेक्षा जोरात पळालेली आहे!" (खरंच पळाली होती. नवरदेव शेवटी मोटरसायकलवर आला.)

डीएम म्हणे पुस्तकात आहे. तो म्हणे पुस्तक लिहिणाऱ्याने घोडा पाहिला नाही. पंधरा मिनिटं हेच. मी मध्ये पडलो. लढाईत घोडा खराखुरा दौडवला तर तो एका राउंडमध्ये नकाशाच्या बाहेर जाईल, धनुष्यवाल्याला नेमच धरता येणार नाही. तिथे पुस्तकाचा वेग खेळ टेबलावर राहावा म्हणून आहे, घोडा कळत नाही म्हणून नव्हे. पण पाठलाग काही लढाई नाही. मग ठरलं: फासे इनिशिएटिव्हचे (लढाईत पाळी ठरवायचे) असतील तेव्हा पुस्तक, नसतील तेव्हा घोड्याचं याला विचारायचं.

इथपर्यंत छान. पण याला घोड्यांचा पंच केला आणि हा आमच्यावरच उलटला. गुहेत शिरायचं? "अनोळखी अंधारात घोडं असं सरळ जात नही, आधी उतरा, लगाम धरून न्या." दौड झाल्यावर पुढे निघायचं? "आधी चालवून थंड करा, घाम पुसा." डीएम हे सगळं आनंदाने मान्य करतो. त्याला एक शब्द बोलावा लागत नाही आणि पार्टीचा दिवस निम्मा घोड्यांच्या मालिशमध्ये जातो. दोन महिन्यांपासून आम्ही पायी फिरतो आहोत. पॅलाडिनसुद्धा.

अमळनेरहून

अंधारातला किस्सा. आमच्या एल्फला डार्कव्हिजन, म्हणजे अंधारात दिसायची शक्ती. दोन खटके, एक लाल, एक हिरवा, खोलीत मिट्ट काळोख. तो म्हणतो मला दिसतं, लाल ओढतो. नियमाप्रमाणे पूर्ण काळोखात डार्कव्हिजनला रंग कळत नाहीत, सगळं करड्या छटांचं दिसतं. त्याला पटेना. "दिसतंय तर रंग कसा दिसणार नाही?"

तेवढ्यात लाइट गेली. गच्चीवर होतो, चंद्र होता. डीएमने पिशवीतून दोन फासे काढून त्याच्या तळहातावर ठेवले. "दिसतायत?" दिसतायत. "आकडे वाच." वाचले. "आता लाल कोणता ते सांग." त्याने बराच वेळ पाहिलं आणि मुकाट्याने मशाल पेटवली. खेळातली. खरी मेणबत्ती कुणाकडेच नव्हती.

यावल माहेर, सासर ठाणे

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही सगळ्या मामेबहिणी-मावसबहिणी माहेरी जमतो. बाहेर झोके, ओट्यावर पुरुषांचे पत्ते, आणि माडीवर चार वर्षांपासून आमचं कॅम्पेन (पुढे चालू राहणारी एकच गोष्ट), वर्षातून चार दिवस. डीएम सगळ्यांत धाकटी मामेबहीण.

यंदा माझ्या बार्डने (गाणारं पात्र) राजाकडे त्याचं राज्यच मागितलं. फासा टाकला, वीस! मी नाचायला लागले. धाकटी म्हणाली, वीस आले तर आपोआप जमतं ते हल्ल्याच्या फाशाला, अशा मागणीच्या फाशाला नाही. मी म्हणाले, चार वर्षं वीसला सगळं जमत आलंय. ती म्हणाली, चार वर्षं मी लहान होते.

भांडण जिन्यावरून खाली गेलं. आबांनी पत्त्यातून मान वर न करता सांगितलं, "पानं वाटल्यावर हुकूम बदलता येत नाही." आतून आजी ओरडली, "सोता तर दर आखाजीले बदलतस!" ओट्यावर वेगळंच भांडण सुरू झालं. आम्ही वर परत आलो. धाकटीने सांगितलं, राजा पोट धरून हसला, म्हणाला इतकी हिंमत आजवर कुणी केली नाही, आणि तुला खजिन्याची हिशेबनीस नेमलं. राज्यापेक्षा बरंच निघालं. किल्ल्या माझ्याकडे आहेत.

नाव-गाव नको

माझा कडू आहे, चालेल ना?

कॉलेजात असताना एका ग्रुपमध्ये खेळायचे. मी एकटी मुलगी. स्पेल धरून ठेवला होता, कॉन्सन्ट्रेशनचा (लक्ष मोडलं की तुटणारा), आणि मला 22 डॅमेज लागला. डीएम म्हणाला, 10 चा सेव्ह दे. मी फासा टाकला, सगळं धरून बरोबर 10. सगळे ओरडले, वाचलीस! मी म्हणाले, नाही. 10 किंवा डॅमेजच्या निम्मे, यातलं जे मोठं ते. 22 चे निम्मे 11. माझा स्पेल तुटला.

डीएमने शेजारच्या मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, "बरोबर सांगतेय का ती?"

त्या मुलाने खांदे उडवले, त्याला माहीतच नव्हतं. मग पुस्तक उघडलं गेलं, मी बरोबर निघाले, स्पेल तुटला, आमचा क्लेरिक (पुजारी) मेला. त्याबद्दलही मलाच ऐकावं लागलं. स्वतःच्या तोट्याचा नियम सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायला साक्षीदार लागतो, हे त्या दिवशी पाहिलं. पुढच्या रविवारी गेले नाही, कुणी विचारलंही नाही.

आता स्वतः डीएम आहे. माझ्या टेबलावर नियम सांगणाऱ्यानेच पान काढून दाखवायचं, डीएम धरून सगळ्यांनी. मीही दाखवते.

धागाकर्ता, जळगाव

वरच्या ताईंचा अनुभव वाचून आमचं टेबल आठवलं. आमच्याकडेही एक मुलगी आहे, आणि गेल्या रविवारच्या पन्नास मिनिटांत ती काय म्हणत होती ते मला आठवत नाही. आज तिला फोन केला. ती पहिल्याच मिनिटाला गोळ्याची त्रिज्या सांगत होती, पान उघडून. आमच्या 330 फुटांच्या आरडाओरड्यात ऐकूच गेलं नाही. तिची माफी मागितली. ती म्हणाली, पुढच्या वेळी भरीत आधी वाढा.

भुसावळच्या दादांची वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर फायरबॉल.

आणि इंजिनिअरसाहेबांसाठी एक गंमत. पुढच्या रविवारी पार्टीला एका मेलेल्या जादूगाराच्या पेटीत जुनाट गुंडाळी सापडणार आहे, तिच्यातला फायरबॉल त्यांच्या आवडत्या नियमाने चालतो, 33,000 घनफूट, जागा मिळेल तसा. पेटी दहा बाय दहाच्या बोळातच आहे. बोळ किती लांब आणि दुसरं टोक बंद आहे का, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.