ग्रीस फियॉर्ड ते रेझोल्यूट: विमानाने अंतर नेमकं किती?

नकाशावेडा: कॅनडाच्या नुनावुतमधली ही दोन गावं. मर्केटर, म्हणजे जगाच्या नेहमीच्या आयताकृती नकाशावर तळाच्या प्रमाणपट्टीने मोजलं तर दीड हजार किलोमीटर भरतं, अक्षांश-रेखांशांवरून गणित केलं तर चारशेच्याही आत येतं. एवढी तफावत कशी? शिवाय ध्रुवाकडे विमानं वळणाच्या मार्गाने जातात म्हणे, तो फरक धरायचा का?

त्रिज्या: गणित बरोबर आहे. साधारण ३८५ किमी. मर्केटरवर ७५-७६ अंश उत्तरेला सगळं जवळपास चौपट ताणलं जातं आणि तळाची पट्टी फक्त विषुववृत्तापुरती खरी असते. इतक्या उत्तरेला एका अंशाच्या अंतरावरच्या दोन रेखांशांमध्ये १११ नव्हे, जेमतेम २८ किमी उरतात. वळणाचं म्हणाल तर इतक्या टप्प्यात फरक एखाद्या किलोमीटरचा.

उत्तरवाट: दातांच्या तपासणी पथकाबरोबर मी हा प्रवास केलाय. विमान ट्विन ऑटर, म्हणजे दोन इंजिनांचं छोटं पंख्याचं विमान, वेळ दीड तासाच्या आसपास. पण तिकडे कोणी किलोमीटर विचारत नाही, "आज जाणार का?" एवढंच विचारतात. रेझोल्यूटला सामानासकट आमचंही वजन झालं, जड कोटासह. केबिनच्या पुढच्या भागात जाळीखाली खोकी बांधलेली, मागे आम्ही. ग्रीस फियॉर्डची धावपट्टी खडीची आणि आखूड, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र. तिथे उतरता आलं नाही तर परत फिरण्यापुरतं इंधन हवंच, आणि जितकं इंधन जास्त तितकं सामान कमी. म्हणून मला विचाराल तर ३८५ हा आकडा दुपटीनेच धरायला हवा. वाटेत डेव्हन बेट लागतं, जगातलं सर्वांत मोठं निर्मनुष्य बेट. खाली एक घर नाही, एक रस्ता नाही.

या अंतराबद्दल मला खरं वाटतं ते वेगळंच. १९५३ मध्ये सरकारने इनुकजुआक आणि पाँड इनलेट या गावांहून इनुइट, म्हणजे आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांची, कुटुंबं इकडे आणली. आपली ताटातूट होणार, हे त्यांना जहाजावर चढल्यानंतर कळलं. काही जण रेझोल्यूटला उतरवले, काही ग्रीस फियॉर्डला. सरकारने माफी मागितली २०१० मध्ये. नात्यातली माणसं दोन बेटांवर आणि मध्ये रस्ता नाही, म्हणून ही छोटी विमानसेवा चैन नाही. तिच्या फेऱ्या कमी करायचं कोणी बोललं की मला राग येतो.

नकाशावेडा: हे ठाऊकच नव्हतं, मनापासून आभार. हिवाळ्यात विमानं बंद असतात का?

उत्तरवाट: नाही. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सूर्य उगवत नाही, तरी विमान जातं. अंधारापेक्षा वारा जास्त नडतो, उन्हाळ्यात धुकं. मालाचं जहाज मात्र फक्त उन्हाळ्यात, बर्फ फुटल्यावर. मध्येच काही संपलं तर विमानानेच आणावं लागतं.