मॅरेथॉनचा सराव आणि व्हिटॅमिन सी-ई च्या गोळ्या: बंद की चालू?

उपवन_ते_येऊर (धागाकर्ता)

जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनचा सराव सुरू झाला की ठाण्याच्या उपवनपासून नवी मुंबईच्या पाम बीच रोडपर्यंत सगळ्या रनिंग ग्रुपांवर एक निरोप फिरायला लागतो: ‘लाँग रननंतर दोन लिम्सी, एक एव्हिऑन ४००, पाय लगेच मोकळे.’ म्हणजे रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई. माझं मत सरळ आहे. सरावाच्या महिन्यांत हे थांबवा.

जर्मनीत रिस्टो यांच्या गटाने २००९ मध्ये नेमका हाच डोस तपासला होता. सुमारे ४० तरुण, चार आठवडे व्यायाम, निम्म्यांना गोळ्या. गोळ्या न घेणाऱ्यांची इन्शुलिन सेन्सिटिव्हिटी (इन्शुलिनला शरीर किती चांगला प्रतिसाद देतं ते) सुधारली, घेणाऱ्यांची सुधारली नाही. आधीपासून व्यायाम करणारे आणि नवखे, दोघांतही हेच.

कारण समजून घ्या. स्नायू आकुंचन पावताना सुपरऑक्साइड तयार होतं, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. आपण याला ‘घाण’ समजून सी-ई सारख्या अँटिऑक्सिडंटने धुवायला निघतो, पण पेशीसाठी तो निरोप असतो. त्या निरोपावर पीजीसी-१ अल्फा हे प्रथिन वाढतं, त्यातून नवे मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) बनतात आणि शरीराची स्वतःची संरक्षक एन्झाइम्स (एसओडी, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज) वाढतात. निरोप पोचण्याआधीच पुसला, तर येऊरचा चढ चढून मिळालं काय? दमणूक तेवढी.

खाडीकाठ_ऐरोली

अर्धीच बाजू मांडलीत. डेन्मार्कमध्ये २०१० च्या सुमारास यफांती आणि सहकाऱ्यांनी ५०० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई देऊन बारा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, सायकलचा कडक सराव करून घेतला. व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते) दोन्ही गटांत सारखाच वाढला, इन्शुलिनच्या मोजणीतही फरक नाही. रिस्टोंच्या चार आठवड्यांपेक्षा हा सराव तिप्पट लांब होता.

आणि स्पेनचा २००८ चा अभ्यास तर सगळे न वाचताच पुढे ढकलतात. गोळी न घेणाऱ्यांचा व्हीओटू मॅक्स २२ टक्के वाढला आणि १ ग्रॅम सी घेणाऱ्यांचा १०.८, एवढंच सांगितलं जातं. माणसं फक्त १४ होती आणि तो फरक सांख्यिकीच्या कसोटीवर उतरला नव्हता, हे कुणी सांगत नाही. दमसासातला ठळक फरक दिसला तो उंदरांत.

उपवन_ते_येऊर

स्पेनबद्दल मान्य, म्हणूनच तो मी मांडला नव्हता. पण नॉर्वेचा २०१४ चा घ्या. पॉल्सन यांच्या गटाने ५४ जणांना अकरा आठवडे पळवलं, डोस १००० मिलिग्रॅम सी आणि २३५ मिलिग्रॅम ई. व्हीओटू मॅक्स दोन्हीकडे सारखा वाढला, हे तुमच्या बाजूचं. पण स्नायूचा तुकडा काढून पाहिला, तर कॉक्स-४ हे मायटोकॉन्ड्रियाचं प्रथिन फक्त गोळी न घेणाऱ्यांत वाढलेलं होतं.

खाडीकाठ_ऐरोली

मग त्याचा अर्थ काय लावायचा? फिनिश लाइनवर वेळ मोजतात, स्नायूचा तुकडा नाही.

उपवन_ते_येऊर

अकरा आठवड्यांत वेळेत फरक पडला नाही, म्हणून तीन-चार हंगामांत पडणार नाही असं होत नाही. शिवाय याच गटाने वजनं उचलणाऱ्या ३२ जणांवर दहा आठवडे तोच प्रयोग केला. स्नायूंचा आकार सारखाच वाढला, पण बायसेप्स कर्लची ताकद गोळीवाल्यांत कमी वाढली. वयस्क पुरुषांवरच्या २०१६ च्या प्रयोगात तर चरबीविरहित वजनही कमी वाढलं. पहाटे तलावपाळीला फेऱ्या मारून मग जिमला जाणारे काका लोक ग्रुपवर भरपूर आहेत, त्यांच्या हिशोबात ही गोष्ट मोठी आहे.

आता फायद्याची बाजू बघा. पाय भरून येणं कमी व्हावं म्हणूनच गोळी घेतात ना? कॉक्रेन या संशोधन-आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ५० अभ्यास एकत्र केले. दुखण्यात जाणवण्याइतका फरक सापडला नाही. तोटा ‘कदाचित’ आणि फायदा जवळपास शून्य, मग घ्यायची कशाला?

घणसोली_फार्मसी

काउंटरच्या या बाजूने थोडं.

सी एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं शोषलं जातं. १ ग्रॅम एकदम घेतलं तर निम्मंही आत जात नाही. उरलेलं आतड्यात राहून पोट बिघडवतं, आणि जे रक्तात जाऊन जास्तीचं ठरतं ते लघवीवाटे बाहेर पडतं. त्यातल्या काहीचं ऑक्झलेट होतं, ज्यापासून मूतखडे बनतात. स्वीडनच्या एका मोठ्या पाहणीत सी च्या गोळ्या नियमित घेणाऱ्या पुरुषांत मूतखड्याचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन तास पळून घामाने निथळायचं, पाणी कमी प्यायचं आणि वर हे. ज्यांना एकदा खडा झालाय त्यांनी तरी हात लावू नका.

ई चं वेगळं. ते चरबीत विरघळतं, साठत राहतं. लिम्सी बंद केली की काही दिवसांत पातळी खाली येते, ई ची तशी येत नाही. वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, रोजची ॲस्पिरिन यांपैकी काही चालू असेल तर ४०० युनिट स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. अमेरिकेतल्या सिलेक्ट चाचणीत रोज ४०० युनिट ई घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त आढळला, हे २०११ साली छापून आलंय. तरी ‘त्वचेसाठी चांगलं’ म्हणून स्ट्रिपवर स्ट्रिप खपते.

आणखी एक. बेरीज करा. पाण्यात फसफसणारी १००० ची गोळी, मल्टिव्हिटॅमिन, प्रोटीन पावडर, सगळ्यांत सी असतं. लेबलवर ‘प्रति सर्व्हिंग’ लिहिलंय की ‘प्रति १०० ग्रॅम’ तेही बघा.

खाडीकाठ_ऐरोली

ई बद्दल माझा वाद नाही, ते सोडा. सी ची बाजू मात्र सोडत नाही. कॉक्रेनच्याच २०१३ च्या सर्दीवरच्या आढाव्यात मॅरेथॉन धावणारे, स्कीइंग करणारे आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक असे ५९८ जण होते. नियमित सी घेणाऱ्यांत सर्दी निम्म्यावर आली. सामान्य लोकांत असा फायदा नाही, पण शर्यतीचा सराव करणारे सामान्य लोकांत मोडत नाहीत. डिसेंबरअखेर सर्दी-ताप आला की शेवटच्या लाँग रन गेल्या, मग तुमचा कॉक्स-४ काय कामाचा?

दुसरं, ज्यांच्या रक्तात सी मुळातच कमी असतं त्यांचं काय? २०१६ च्या एका अभ्यासात अशा पुरुषांना महिनाभर १ ग्रॅम दिल्यावर त्यांचा व्हीओटू मॅक्स सुधारला. गोळी सगळ्यांनाच घातक, असं सरसकट म्हणता येत नाही.

डबा_आणि_डंबेल

दोघेही गोळीवरच अडलात. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम सी लागतं, बाईला ६५. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या १०० ग्रॅमच्या एका पेरूत साधारण २०० असतं. आवळ्यातही भरपूर, पण मोरावळा होईपर्यंत शिजवण्यात बरंच जातं, आणि वर साखर. ‘मी पोह्यांवर लिंबू पिळतो की’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या, अर्ध्या लिंबातून पाच-दहा मिलिग्रॅमच्या वर हाती लागत नाही. तेही गॅस बंद केल्यावर पिळलं तर.

सी कमी कुणाचं असतं? सिगारेट ओढणारे, आणि दोन्ही वेळा कँटीनचं खाऊन आठवडाभर फळ न बघणारे. महापेच्या आयटी पार्कात असे शेकड्याने सापडतील. त्यांना रोज एक पेरू किंवा दोन संत्री पुरे. फळ खाल्ल्याने सरावाचा फायदा बुडतो, असं कोणत्याही अभ्यासात दिसलेलं नाही. वरचे सगळे प्रयोग गोळ्यांच्या मोठ्या डोसचे आहेत. ई साठी मूठभर शेंगदाणे आणि फोडणीचं सूर्यफुलाचं तेल आहेच.

पारसिक_टेकडी

लोहाच्या गोळीबरोबर डॉक्टरांनी सी दिलंय, तेही बंद करायचं का? आणि ग्लुटाथायोन, एनएसी (एन-ॲसिटिल सिस्टीन) या दुसऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांचं काय?

घणसोली_फार्मसी

लोहाबरोबर दिलेलं अजिबात बंद करू नका, ते लोह शोषलं जावं म्हणून असतं. हिमोग्लोबिन ९ वर ठेवून मायटोकॉन्ड्रियाची काळजी करण्यात अर्थ नाही. बी-१२ आणि डी चा या वादाशी संबंधच नाही. ग्लुटाथायोन तोंडावाटे फारसं टिकत नाही, पैसे वाया. एनएसीने कठीण व्यायामात थकवा थोडा लांबतो असं प्रयोगांत दिसलंय, पण मळमळ होते. निरोप पुसण्याचा आक्षेप तिथेही लागू.

उपवन_ते_येऊर

खाडीकाठ, तडजोड सुचवतो. ऑगस्ट ते डिसेंबरअखेरपर्यंत फक्त फळं. शर्यतीआधीचे तीन आठवडे, टेपर (सराव हळूहळू कमी करणं) चालू असताना, नवं काही घडवायचं नसतं. तेव्हा सी घ्या, पण २५० सकाळी, २५० रात्री. ई नाही.

खाडीकाठ_ऐरोली

तीन आठवडे चालेल. पण सर्दी धरते ती टेपरच्या आधी, सगळ्यात जास्त किलोमीटर होतात त्या आठवड्यांत. मी तिथूनच सुरू करायला सांगेन. पाच आठवडे.

उपवन_ते_येऊर

तेच तर सरावाचे सगळ्यात मोलाचे आठवडे. तिथे नाही.

घणसोली_फार्मसी

कधीही सुरू करा, ५०० ची चघळायची गोळी मोडून अर्धी घेता येते. टाइम-रिलीज (औषध हळूहळू सोडणारी) कॅप्सूल मात्र फोडायची नाही. चघळल्यावर चूळ भरा आणि अर्धा तास दात घासू नका. ॲसिडने मऊ झालेल्या इनॅमलवर ब्रश फिरवला की ते झिजतं.