उजव्या स्पीकरला ९ मीटर वायर: महागडी केबल घ्यावी की साधी अडीच एमएम (चौरस मिमी)?

धुळेकर_९

नमस्कार मंडळी. हॉल १४ बाय १८ फूट, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब. अँप्लिफायर चॅनेलमागे ५० वॅटचा, स्पीकर ६ ओहमचे बुकशेल्फ. अँप डाव्या कोपऱ्यात आहे. डाव्या स्पीकरला ३ मीटर वायर पुरते, उजव्याला दाराच्या चौकटीवरून वळसा घालून ९ मीटर लागते. सध्या दोन्हीकडे लाल-काळी चौदा शहात्तर (१४/७६) वायर आहे.

उजवी बाजू किंचित दबलेली वाटते. त्याहून मोठी तक्रार म्हणजे बेस नाहीच. तबला ऐकू येतो, डग्गा गायब. गाणाऱ्याचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरतो. दुकानदार म्हणतो, मीटरला ६०० रुपयांची ऑक्सिजन-फ्री (ऑक्सिजन जवळजवळ काढून टाकलेल्या तांब्याची) केबल घ्या, दोन्ही बाजूंना ९-९ मीटर सारखीच टाका, डावीकडची उरलेली गुंडाळून मागे ठेवा. खरंच एवढं लागतं का?

तापीकाठ

खिशात हात घालण्याआधी एका स्पीकरची वायर उलटी लागलेली नाही ना, ते बघा. पातळ वायरीने बेस जात नाही. ज्या फ्रिक्वेन्सीला वूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) स्वतःच घुमतो, तिथे स्पीकरचा इंपिडन्स (करंटला होणारा अडथळा) वर चढलेला असतो, म्हणून वायरीतली गळती तिथे सगळ्यात कमी. पातळ वायरीचा बेस झालाच तर सैल होतो, नाहीसा होत नाही. बेस गायब आणि आवाज मध्यावर नाही, ही जोडी दिसली की दहात नऊ वेळा एका बाजूचे प्लस-मायनस उलटे असतात. एका वूफरचा कोन (पुढचा पडदा) पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात.

तपासायला दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल पुरतो. अँप बंद करा आणि वायर अँपच्या टोकाला सोडवून घ्या. अँपला लावलेली असताना सेल टेकवायचा नाही. आता अँपकडच्या लाल टोकाला सेलचा प्लस आणि काळ्याला मायनस क्षणभर टेकवा. वूफरचा कोन बाहेर आला तर जोडणी सरळ, आत गेला तर उलटी. दोन्ही स्पीकरवर करा. फक्त वूफरकडे बघा, कारण काही स्पीकरांत ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) मुद्दामच उलटा जोडलेला असतो. सेल अँपच्या टोकाकडून लावल्यामुळे मधला सांधासुद्धा याच झटक्यात तपासला जातो.

अमळनेरी_मीटर

वरचं बरोबर आहे. पण तुमची वायरही पातळच आहे भो, त्यामुळे हिशोब करून टाकू.

चौदा शहात्तर म्हणजे ०.००७६ इंच जाडीच्या १४ तारा, एकूण ०.४१ चौरस मिमी. तांब्याचा रोध एक चौरस मिमीला मीटरमागे साधारण ०.०१७ ओहम, म्हणून तुमच्या वायरीत मीटरमागे ०.०४२. करंट जातो आणि परत येतो, तेव्हा ९ मीटर अंतर म्हणजे १८ मीटर तांबं. झाला ०.७५ ओहम. चांगल्या जोडणीत हा आकडा स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे तुमच्याकडे ०.३. तुम्ही अडीचपट वर आहात.

आता कानाला काय कळतं ते. ६ ओहमवर उजवीकडे सुमारे १ डेसिबल घटतो, डावीकडे ०.३५. उजवी बाजू दबलेली वाटते त्यातला काही भाग हा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ६ ओहमचा स्पीकर सगळ्या सुरांना ६ नसतो, कुठे ४.२ पर्यंत उतरतो, कुठे २५ वर चढतो. पहिल्या ठिकाणी १.४ डेसिबल गेला, दुसऱ्या ठिकाणी फक्त ०.२५. म्हणजे आवाज नुसता हळू होत नाही, त्याचा तोल बदलतो. 'केबल बदलली आणि आवाज बदलला' या म्हणण्यात जे खरं असतं ते एवढंच, आणि ते जाडीचं काम आहे, ब्रँडचं नाही.

अडीच चौरस मिमीची लवचीक वायर घेतली तर १८ मीटरला ०.१४ ओहम. चाळीस शहात्तर (१.१७ चौरस मिमी) घेतली तरी ०.२६ वर भागतं, पण काठावर. अडीचच घ्या. चार एमएम घ्यायची गरज नाही, ती बऱ्याच छोट्या टर्मिनलमध्ये शिरत नाही.

दोन्ही बाजू समान लांबीच्या ठेवायचीही गरज नाही. अडीच एमएममध्ये ३ आणि ९ मीटरचा फरक ०.१४ डेसिबल पडतो, तो बॅलन्सच्या बटणाच्या एका रेघेइतकाही नाही. वेळेचा फरक नॅनोसेकंदात मोजायचा. सहा मीटर वायर गुंडाळून फेकण्यापेक्षा ते पैसे वाचवा. ऑक्सिजन-फ्री तांब्याची वाहकता साध्या चांगल्या तांब्याहून जेमतेम एक टक्का जास्त असते.

खडकाळ

मे महिन्यात ४५ अंशांत वायर तापून रोध वाढत नाही का? माझी पत्र्याखालून जाते.

अमळनेरी_मीटर

वाढतो, २० वरून ४५ अंशांवर साधारण १० टक्के. ०.१४ चे ०.१६ झाले, ऐकू येणार नाही. जोरात वाजवताना स्पीकरची व्हॉइस कॉईलच (आतलं तारेचं वेटोळं) दीडशे अंशांपर्यंत गेली, तर तिचा रोध निम्म्याने वाढतो. त्यापुढे वायरीचं काय घेऊन बसलात! उन्हाचा खरा त्रास इन्सुलेशनला. पारदर्शक पीव्हीसी चिकट होतं आणि आतलं तांबं हिरवं पडतं. पत्र्याखाली पाईपमधूनच न्या.

धुळेकर_९

सेल लावून पाहिला. उजवा कोन आत गेला! चौकटीवर सांधा होता, तिथेच लाल-काळं उलटं झालेलं. सरळ केल्यावर डग्गा परत आला, आवाजही मधे आला. उजवी बाजू अजून थोडी दबलेली आहे, तेव्हा वायर बदलतोच. गावातल्या दुकानातून अडीच एमएमची पारदर्शक वायर नमुन्याला आणली. वरून तांबूस दिसते, पण ब्लेडने तार खरवडली तर आत पांढरी. ही टिन केलेली असते ती का?

तापीकाठ

नाही. टिन केलेली बाहेरून पांढरी आणि आत तांबडी असते. तुमची बाहेर तांबडी, आत पांढरी, म्हणजे अॅल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा. सराफ सोनं कसोटीवर घासून बघतात, वायरीलाही तोच न्याय लावा. हिची वाहकता तांब्याच्या साधारण ६३ टक्के, म्हणजे अडीच एमएमची वायर दीड एमएमसारखी वागते. आवाज त्याने बिघडतो असं नाही, पण अडीचचे पैसे का द्यायचे? शिवाय तार वारंवार वाकवली की लवकर तुटते आणि स्क्रूखाली हळूहळू सैल पडते.

दुकानात ब्लेड लावू देत नसतील तर वजन करा. अडीच एमएमचं तांबं एका तारेला मीटरमागे २२ ग्रॅम, म्हणजे दोन तारांच्या १० मीटरमध्ये नुसतं तांबं ४४० ग्रॅमच्या वर भरलं पाहिजे, इन्सुलेशन वेगळं. मुलाम्याच्या वायरीत धातू २०० ग्रॅमही भरत नाही.

सोपा मार्ग म्हणजे इलेक्ट्रिकच्या दुकानातून आयएसआय मार्कची अडीच एमएमची घरगुती वायर, एक लाल आणि एक काळी, प्रत्येकी १३ मीटर. दोन्ही टोकं एकत्र धरून ड्रिलच्या चकमध्ये अडकवा आणि पीळ द्या, फुटाला पाच-सहा वेढे. पिळात लांबी थोडी आखडते, म्हणून १२ ऐवजी १३. पीळ न देता दोन तारा भिंतीवर लांब-लांब नेल्या तर इंडक्टन्स (बदलत्या करंटला होणारा विरोध) वाढतो आणि वरचे सूर किंचित मंदावतात.

अमळनेरी_मीटर

टोकांबद्दल. इन्सुलेशन १० मिमी सोला, त्याहून जास्त नको. सगळ्या तारा एकत्र पिळून पिन थिंबल (टोकावर बसणारी धातूची पिन) लावा आणि क्रिंप करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा. स्पीकरला स्प्रिंगवाले छोटे क्लिप असतील तर अडीच एमएम थेट शिरणार नाही, पिन मात्र शिरते. टोकाला शिसं (सोल्डर) लावून स्क्रूखाली आवळू नका, सोल्डर दाबाखाली सरकतं आणि हळूहळू सांधा सैल होतो. एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकता कामा नये. तेवढ्यावर अँप प्रोटेक्शनमध्ये जातो (स्वतःला वाचवायला आवाज बंद करतो), जुन्या अँपचे तर आउटपुट ट्रान्झिस्टरच उडतात.

चौकटीवर सांधा ठेवूच नका, अखंड वायर न्या. मेन लाइनच्या पाईपमधून नेऊ नका, हे सुरक्षिततेसाठी. गुणगुण त्यामुळे येत नाही, ती बहुतेक वेळा अर्थिंगच्या लूपमुळे (उपकरणांचं अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेल्यामुळे) येते. पाईपची तोंडं बुजवा, उंदीर पीव्हीसी सोडत नाहीत.

आणि शहाबादी फरशीवर स्पीकरच्या समोर एक सतरंजी टाका. फरशी-स्लॅबच्या खोलीत तिचा फरक ऐकायला मीटर लागत नाही.