दाढी-मिशीचा डाय आणि काळी मेहंदी: पीपीडी बंदच व्हावं, की नीट वापरलं तर चालेल?

कृष्णाकाठ
पुरुषांच्या प्रसाधनांतल्या घातक रसायनांचा विषय निघाला की गाडी पॅराबेन आणि डिओड्रंटपाशीच अडते. माझ्या मते आपल्याकडे आधी बोट ठेवायला हवं ते दाढी-मिशीच्या डायमधल्या पीपीडीवर, म्हणजे पॅरा-फिनिलीनडायअमिन या काळा रंग देणाऱ्या रसायनावर.

डोक्याला महिन्यातून एकदा डाय पुरतो. दाढीचा केस दिवसाला साधारण ०.४ मिमी वाढतो, पाचव्या दिवशी मुळाशी २ मिमी पांढरं दिसतं आणि दर आठवड्याला पुन्हा डाय लागतो. तोही बहुतेकदा कडेने वस्तरा फिरवल्यावर लगेच, कातडीवर बारीक चिरा असताना. वर पाकिटावर ‘हर्बल’, ‘काळी मेहंदी’ असं छापलेलं. मेहंदीतला लॉसोन केसाला लालसर-नारिंगी रंग देतो. अर्ध्या तासात केस कुळकुळीत काळे करणारी पावडर नुसती मेहंदी असूच शकत नाही. दाढी-मिशीसाठी पीपीडीचा डाय विकूच नये. पीपीडीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर पाठ सोडत नाही.

रसायनवाला
विकूच नये हे टोकाचं झालं. डाय चढतो कसा ते बघा. अमोनिया किंवा इथेनॉलअमिन केसाचं वरचं आवरण सैल करतं. पीपीडीचा लहान रेणू आत शिरतो, पेरॉक्साइडमुळे त्याचं ऑक्सिडीकरण होतं, मग तो रिसॉर्सिनॉलसारख्या जोडीदाराशी जुळून मोठा रंगरेणू बनतो आणि आतच अडकतो. हा मोठा रेणू फारसा त्रास देत नाही. त्रास देतं ते कातडीत शिरलेलं, प्रक्रिया पूर्ण न झालेलं पीपीडी.

डेव्हलपर, म्हणजे पेरॉक्साइडचं द्रावण, अंदाजाने कमी घातला की ते जास्त उरतं. म्हणून ट्यूब आणि डेव्हलपर पाकिटावरच्या प्रमाणातच, वजन करून घ्या. वाटी काचेची किंवा प्लास्टिकची. दाढी केल्यावर निदान एक दिवस जाऊ द्या. ओठांच्या कडेला आणि गालावर व्हॅसलीन लावा, केसांना लागू देऊ नका. वेळ पाकिटावरचीच, ‘पक्का चढेल’ म्हणून दुप्पट नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. उरलेलं मिश्रण फेकून द्या. झाकण घट्ट लावून ठेवलं तर प्राणवायूच्या दाबाने बाटली फुटू शकते.

युरोपातही बंदी नाही. मिसळल्यानंतर पीपीडी २ टक्क्यांपर्यंत चालतं. कॅन्सरचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केसांच्या डायचा वैयक्तिक वापर गट ३ मध्ये ठेवला आहे, म्हणजे वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही.

कृष्णाकाठ
त्याच संस्थेने न्हावी आणि केशरचनाकारांचं काम गट २-अ मध्ये, म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलं आहे. तेही सांगायला हवं होतं. आपल्याकडे डाय लावणारा बहुतेकदा सलूनमधला माणूसच असतो, दिवसात दहा गिऱ्हाइकांना, उघड्या हातांनी.

आणि पॅच टेस्टचं काय? आपल्या नियमांप्रमाणे पाकिटातल्या सूचनेत स्पष्ट असतं: कानामागे किंवा कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूला तयार मिश्रण थोडं लावा, वाळू द्या, २४ तासांनी धुवा, आणि हे *प्रत्येक* वापराआधी करा. दर आठवड्याला दाढी रंगवणाऱ्याने दर आठवड्याला चाचणी करायची? कोणी करत नाही. जी अट कोणी पाळणारच नाही, तिच्या भरवशावर माल सुरक्षित कसा म्हणायचा?

त्वचा-टिपण
चाचणीबद्दल दोघांनाही थोडं सांगतो. ही ॲलर्जी उशिरा उमटणारी आहे, २४ ते ७२ तासांनी. त्यामुळे एका दिवसात काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, पुढचे दोन दिवस ती जागा बघत राहावी. शिवाय शरीर पहिल्यांदा संवेदनशील व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. आज चाचणी साफ आली तरी पुढच्या महिन्यात पुरळ येऊ शकतं. त्वचारोगतज्ज्ञ व्हॅसलीनमध्ये १ टक्का पीपीडी घेऊन पाठीवर चाचणी करतात, ४८ तासांनी आणि पुन्हा ९६ तासांच्या सुमारास बघतात. घरची चाचणी त्याच्या तोडीची नाही, तरी न करण्यापेक्षा बरी.

पहिली खूण साधी असते: मिशीखाली खाज, ओठाच्या कडेला बारीक पाणीदार पुटकुळ्या. लोक ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून देतात आणि पुन्हा डाय लावतात. पुढच्या वेळी पापण्या सुजून डोळे मिटतात. खाज आली की तिथेच थांबा. श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना. दाढदुखीच्या काही जेलमधल्या बेंझोकेनशीही ही ॲलर्जी जुळते, म्हणून डॉक्टरांना आणि दंतवैद्यांना डायबद्दल सांगा. आणि भुवयांना कधीही लावू नका. दृष्टी जाऊ शकते, हा इशारा पाकिटावर छापणं बंधनकारक आहे.

नीळ-मेहंदी
पीपीडी नकोच असेल तर दोन टप्प्यांचा मार्ग आहे. मेहंदी कोमट पाण्यात थोडं लिंबू पिळून सहा-आठ तास भिजवा, दाढीला तासभर ठेवून धुवा. मग नीळ पावडर, म्हणजे झाडाच्या पानांची, *कपड्यांची नव्हे*. चिमूटभर मीठ घालून कोमट पाण्यात कालवा, दहा-पंधरा मिनिटांनी लगेच लावा. यात लिंबू नको, आंबटाने निळीचा रंग नीट सुटत नाही. तासाभराने नुसत्या पाण्याने धुवा, दिवसभर साबण नको. आधी हिरवट दिसेल, एक-दोन दिवसांत गडद होईल. मेहंदीचा टप्पा गाळून नुसती नीळ लावली तर दाढी निळसर-हिरवी राहते.

रसायनवाला
पद्धत बरोबर, पण बाजारातल्या ‘नीळ’ पाकिटातही भेसळ असते. घटकांत बेरियम पेरॉक्साइड किंवा सोडियम परबोरेट दिसलं तर ती वनस्पती-पावडर नाही, ऑक्सिडीकरणाचा डाय आहे. पीपीडीऐवजी ‘टोल्युइन-२,५-डायअमिन’ लिहिलं असेल तरी ज्यांना पीपीडीची ॲलर्जी आहे त्यांपैकी बऱ्याच जणांना तेही भोवतं. आणि ‘अमोनिया-मुक्त’ म्हणजे पीपीडी-मुक्त नव्हे, फक्त वास कमी.

कृष्णाकाठ
मग निदान इतकं तरी मान्य करा: दाढीचा डाय असेल तर ‘पीपीडी आहे’ हे समोरच्या बाजूला, मराठीत, मोठ्या अक्षरांत छापावं. ‘हर्बल’ शब्द त्या पाकिटावर नको. आणि सलूनमध्ये नायट्राइलचे हातमोजे, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा जोड.

रसायनवाला
लेबल आणि हातमोजे, दोन्ही मान्य. बंदीला माझा विरोध कायम आहे. दुकानातून डाय गेला की लोक सुट्ट्या पुड्यांकडे वळतील, आणि त्यांत पीपीडी २ टक्के आहे की १०, ते कुठेच लिहिलेलं नसतं.