१८८७च्या गेलिक फुटबॉल अंतिम सामन्याचा निकाल कसा मांडायचा?

कृष्णाकाठ, सांगली:
शाळेच्या क्रीडा प्रश्नमंजुषेसाठी एक्सेलमध्ये तक्ता करतोय. गेलिक फुटबॉल हा आयर्लंडचा हात-पाय दोन्हींनी खेळायचा खेळ; तिथल्या जिल्ह्यांमधल्या (काउंटींमधल्या) पहिल्या अखिल आयर्लंड स्पर्धेचा निकाल लिमरिक १-४, लाउथ ०-३ असा मिळतो. गोलाचे ३ गुण धरून ७ विरुद्ध ३ लिहिलं तर चालेल का? आणि साल १८८७ की १८८८?

अजिंक्यतारा, सातारा:
७-३ अजिबात लिहू नका. पहिला आकडा गोलांचा, दुसरा पॉइंटांचा, म्हणजे गोलाहून कमी मोलाच्या गुणांचा; पण त्या काळी दोन्हींची बेरीजच नव्हती. कबड्डीत लोण चढला की २ गुण बेरजेत पडतात, तसं इथं धरायचं नाही. आधी गोल मोजायचे, ते बरोबरीत असले तरच पॉइंट बघायचे. एका गोलापुढे कितीही पॉइंट फिके. १८९२ मध्ये गोल ५ पॉइंटांचा झाला, १८९६ पासून ३ चा.

१-० विरुद्ध ०-४ घ्या. १८८७ ला पहिला संघ जिंकतो, १८९२ च्या नियमानंही ५-४ नं तोच. १८९६ नंतर मात्र ३-४ नं हरतो! म्हणून ‘एकूण’ हा रकाना १८९६ च्या आधी कोराच ठेवा. लिमरिक दोन्ही हिशेबांनी जिंकतं, त्यामुळे ही चूक लक्षातच येत नाही.

कोयनाकाठ, कराड:
सालाचे दोन रकाने करा. स्पर्धा १८८७ ची, अंतिम सामना २९ एप्रिल १८८८ ला डब्लिनजवळ क्लॉन्स्की इथं. जिल्ह्याचा निवडलेला संघ नव्हता, विजेता क्लबच उतरायचा: लिमरिककडून कमर्शियल्स, लाउथकडून डंडॉकचे यंग आयर्लंड्स. एका बाजूला २१ खेळाडू. आजचे १५ तर १९१३ पासून.

एक्सेलमध्ये इंग्रजी आकड्यांत १-४ टाइप केलं की त्याची तारीख होते (भारतीय सेटिंगमध्ये १ एप्रिल). ०-३ तसंच राहतं, कारण शून्य तारीख नसते, त्यामुळे अर्धाच रकाना बिघडतो. आधी सेल ‘टेक्स्ट’ करा, मग आकडे भरा. नंतर फॉरमॅट बदलून मूळ आकडा परत येत नाही.

कृष्णाकाठ, सांगली:
रकाने बदलले. १८८८ च्या ओळीत विजेता कोण?

अजिंक्यतारा, सातारा:
कुणीच नाही. खेळाडू अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले आणि स्पर्धा अर्धवट राहिली. ‘अपूर्ण’ असं लिहा, ओळ काढू नका.